पंधरावं नाव

मी नेमकं काय काम करते हे माझ्या आईला अजून पटवता आलेलं नाही. शेजारणीने विचारलं की ती सांगते, "भेंड्या मोजते." एकदा मी चिडून म्हणाले, "आई, भेंडी वजनावर घेतात, ती कोणी मोजत बसत नाही." त्यावर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग तू मोजते तरी काय?" माणसं, मी म्हणाले. हे काम तिला भेंड्यांपेक्षा हलकं वाटलं असावं, कारण शेजारणीला ती अजूनही भेंड्याच सांगते.

आमचं घर शेणव्याला. तिथून स्कूटीवर मुरबाडच्या रस्त्याला लागायचं आणि ज्या पत्र्याच्या मोठ्या शेडपुढे सकाळपासून टेम्पो उभे दिसतील तिथे थांबायचं. ते आमचं पॅकहाउस. आमच्याकडे भात झोडून झालं की शेतकरी त्याच जमिनीत भेंडी लावतात आणि थंडीभर ती परदेशात जाते. बोटाएवढी, सरळ, हिरवीगार हवी. एक दिवसाआड तोडायची; त्याहून एक दिवस राहिली की ती जून होते, मग तिला आपल्या कढईशिवाय कोणी विचारत नाही. गावोगाव आमचे पॉइंट आहेत, म्हणजे टेम्पो थांबून माल घेतो त्या जागा. टेम्पोवाला तिथेच वजन करतो आणि मोबाइलमध्ये चार गोष्टी भरतो: तारीख, पॉइंट, शेतकऱ्याचं नाव, वजन. त्या ओळी माझ्याकडे येतात आणि त्यातून मी साहेबांना रिपोर्ट काढून देते.

वजनाची बेरीज कोणीही करेल. खरी गंमत नावांची आहे. एका काकांनी महिनाभर भेंडी घातली तर त्यांच्या नावाच्या ढीगभर ओळी असतात. वजन प्रत्येक ओळीचं धरायचं, पण काका मात्र एकदाच मोजायचे. आणि हे सगळ्या ढिगाचं एकदम नाही, पॉइंटवार करायचं, म्हणजे या पॉइंटवर वेगवेगळी माणसं किती, त्या पॉइंटवर किती. एक्सेलमध्ये हे जमतं, फक्त कुठे टिचकी मारायची ते माहीत हवं. मला ते पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी खुर्चीतून उठून शेडमध्ये एक फेरी मारून आले. शेकडो ओळी घडी घालून ठेवलेल्या चादरीसारख्या एका ओळीत बसतात आणि आकडा समोर येतो. हसा हवं तर, पण मला त्या आकड्यात माणसं उभी असलेली दिसतात.

यंदाच्या पौषात या आकड्यावरून माझं आणि साहेबांचं वाजलं.

साहेब घाटावरचे. माणूस वाईट नाही, पण डिझेल त्यांच्या खिशातून जातं असं त्यांना वाटतं. वरून नियम आला होता की ज्या पॉइंटवर पंधराच्या आत शेतकरी आहेत तिथे टेम्पो पाठवायचा नाही. गुरुवारी साहेबांनी रिपोर्ट समोर घेतला आणि त्यांचं बोट डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर थांबलं. तिथला रस्ता असा की टेम्पो वर जातो तेव्हा चालक स्टिअरिंगला कमी आणि देवाला जास्त धरून असतो. रिपोर्टात माझ्याआधीच्या माणसाने बसवलेला एक रकाना होता, रोज सरासरी किती वेगवेगळे शेतकरी येतात त्याचा. बाकीच्या पॉइंटवर वीस, पंचवीस. वाडीपुढे एक.

"एका माणसासाठी आपण तो रस्ता चढतो?" साहेब म्हणाले. "सोमवारपासून वाडी बंद."

मला ते खटकलं. माणूस एक आणि कॅरेट बघावेत तर टेम्पो निम्मा भरेल इतके. एका घराने एवढी भेंडी काढायची म्हणजे त्या घरात पाच सुना आणि दहा हात हवेत. मी तसं बोलले. साहेब म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट तुम्हीच दिलाय." माझा राग नाकावर असतो हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे वाद न वाढवता मी शुक्रवारी पहाटे टेम्पोत चालकाच्या शेजारी जाऊन बसले.

चालकाला आम्ही सगळे दादा म्हणतो. दादा वाटेत एवढंच म्हणाले, "वर गेल्यावर कळेल तुमाला. मी सांगून काय उपेग नाय."

वाडीत पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. जांभळाच्या झाडाखाली बायका जमल्या होत्या. भेंडीची लव हाताला खाजते म्हणून कोणी हातात जुने मोजे घातले होते, कोणी फडकं गुंडाळलं होतं. जी ती आपापली पाटी घेऊन येत होती आणि सगळी भेंडी एकाच ताडपत्रीवर ओतली जात होती. मग गोल बसून निवड. वाकडी बाजूला, जून बाजूला, चांगली कॅरेटमध्ये. कोणाची कुठली हे आता देवालाही सांगता आलं नसतं. वजन झालं. दादांनी मोबाइल काढून विचारलं, "आज कोण?" एक तरणी बाई लाजत पुढे आली आणि त्या सगळ्या मालापुढे तिचं एकटीचं नाव लागलं.

मी विचारलं, "हा सगळा माल हिचा?"

बायका खळखळून हसल्या. मधे बसलेल्या एका काकींनी मला जवळ बसवून घेतलं. सावळ्या, उंच, कपाळावर बारीक गोंदण. साऱ्या वाडीला भेंडी लावायला त्यांनीच भरीस घातलं होतं हे मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या, "आज हिची बारी गो. परवा दुसरीची. रोजच्या रोज थोडा थोडा पैका आला तर मीठमिरचीत जातो, कळत पण नाय. मंग आमी ठरवला, सगल्यांची भेंडी एकीच्या नावानं घालायची. एक एक घर बारीबारीनं. एकदम हातात आला तर कायतरी उभा राहतो."

म्हणजे भिशी. शहापुरात बायका पैशांची लावतात, इथे यांनी भेंडीची लावली होती. एकीचं त्यातून छप्पर झालं होतं. एकीने बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसाठी खाट आणली होती. एकीने म्हणे नवऱ्याला न विचारता शिलाई मशीन आणलं आणि आता नवराच त्यावर बसतो. हे सांगताना ती स्वतःच इतकी हसली की हातातली भेंडी खाली पडली. बारीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला नव्हता. ज्याची नड आधी त्याचं नाव आधी. वाडीत घरं पंधरा. तेरा बाऱ्या झाल्या होत्या, रविवारी चौदावी, आणि मंगळवारी शेवटची.

"शेवटची कोणाची?" मी विचारलं.

"माजी," काकी म्हणाल्या. "मीच मागून घेतली. तवा म्हशाची जत्रा भरलेली असते."

त्यांचा एक बैल दोन वर्षांपूर्वी गेला होता. उरलेला एकटा. एकट्या बैलाचं औत चालत नाही, म्हणून पेरणीच्या दिवसांत त्या शेजाऱ्याचा बैल मागून आणायच्या, आणि शेजाऱ्याचं पूर्ण झाल्याशिवाय यांना मिळायचा नाही. दर वर्षी त्यांची आवणी, म्हणजे भातलावणी, सगळ्यांच्या मागून. यंदा म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलबाजारात बैलाला जोड बघायची होती. त्यांनी मला गोठ्यात नेऊन तो बैल दाखवला. पांढऱ्यावर काळे ठिपके, डोळे शांत. काकींनी त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि त्याला सांगितलं, "आता थोडं दिस रे." मला तिथेच भरून आलं. मी उगीच बैलाच्या शेपटीकडे बघत उभी राहिले.

मग मला सांगावं लागलं की सोमवारपासून टेम्पो यायचा नाही. का, तेही सांगितलं: कंपनी नावं मोजते आणि तुमच्या वाडीपुढे रोज एकच नाव दिसतं.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. टेम्पो नाही तर भेंडी डोक्यावर घेऊन खाली डांबरी रस्त्यापर्यंत जायचं, ते रोज कोण करणार. काकींनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, "यात काय हाय? रविवारपास्नं सगल्यांची नावं घाला. ज्याची पाटी त्याचा नाव. पंधरा दिसतील."

"आन तुजी बारी?" त्या शिलाई मशीनवाल्या बाईने विचारलं.

"बैल काय, फुडल्या साली."

हे त्या इतक्या सहज बोलल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकींवर नाही, त्या रकान्यावर. तेरा घरांचं झालं आणि ज्या बाईने हे सगळं उभं केलं तिच्याच वेळेला मोडायचं, तेही का, तर कोणीतरी माणसं दिवसाच्या हिशेबात कोंबली म्हणून. मी म्हणाले, "काकी, काही बदलू नका. रविवारी ज्यांची बारी त्यांचंच नाव घाला. मंगळवारी तुमचं. मी बघते." बोलून तर बसले. काय बघणार होते ते मला टेम्पोत बसल्यावर सुचायला लागलं.

उतारावर दादा म्हणाले, "सोमवारपास्नं वाडी सोडून खालनंच फिरायला माझा पाय निघनार नाय, खरा सांगतो. मला या बायांची सवय झाली."

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. काम खरं म्हणजे चहा उकळायच्या आत होण्यासारखं होतं. ओळी त्याच, नावं तीच. फक्त दिवसाचं कुंपण काढायचं. रोज किती वेगवेगळे शेतकरी हे न विचारता, हंगाम सुरू झाल्यापासून या पॉइंटवर वेगवेगळे शेतकरी किती, एवढंच विचारायचं. मी विचारलं. वाडीपुढे तेरा आले. एकाच जागी अडकलेली ती ओळ अशी खुलली की मला टाळी वाजवावीशी वाटली, आणि ऑफिसात कोणी नव्हतं म्हणून मी वाजवलीही.

साहेब आले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

"परवा एक होता, आज तेरा?" ते म्हणाले. "वाडी बाळंत झाली का मध्येच?"

मी बारीची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती ऐकली, पण तोंड असं की सुनेने सासूला स्वयंपाक शिकवावा. मग त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला आणि सगळ्या पॉइंटच्या नव्या आकड्यांची बेरीज करायला लागले. खाली मी एकूण वेगवेगळ्या शेतकऱ्यांचा आकडा दिला होता. त्यांची बेरीज त्यापेक्षा बरीच जास्त आली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बेरीजच चुकलीय, मॅडम. मग बाकीचं कसं खरं मानू?"

"चुकलेली नाही, सर. ती जुळतच नाही. जुळायला नको."

"बेरीज जुळायला नको? हे कोणत्या शाळेत शिकवतात?"

मी एक श्वास घेतला. गेल्याच महिन्यात ते पुतणीच्या लग्नाला गावी जाऊन आले होते आणि आठवडाभर आम्हाला दुसरा विषय नव्हता. मी म्हणाले, "सर, तुमच्या पुतणीच्या हळदीला किती पानं उठली ते तुम्ही सांगत होता. लग्नाला किती, तेही. पूजेला किती, तेही. तिन्हींची बेरीज केली तर तेवढे पाहुणे आले होते का?"

"तेवढे कसे असतील? बरेचसे तेच ते."

"तुमचे मेहुणे तिन्हीकडे जेवले?"

"तो कुठे सोडतोय."

"हळदीच्या हिशेबात ते एक. लग्नाच्या हिशेबात एक. पूजेच्या हिशेबात एक. पण घरी कोणी विचारलं की मेहुणे किती आले, तर तुम्ही तीन सांगाल का?"

साहेबांनी कॅल्क्युलेटर बाजूला सरकवला. "तो खातो तीन माणसांचं, तो भाग वेगळा," ते म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. मग मी त्यांना दाखवलं की कोणाचं शेत शहापूर तालुक्यात आणि घर मुरबाडकडे, ते दोन्ही पॉइंटवर माल घालतात. प्रत्येक पॉइंटवर त्यांना मोजायचं, कारण तिथे ते खरोखर येतात. एकूण मोजताना एकदाच. ज्याचा प्रश्न वेगळा त्याचं उत्तर वेगळं. त्यांनी दोन-तीन नावं स्वतः शोधून बघितली. घाटावरचा माणूस, हातात घेऊन बघितल्याशिवाय वांगंसुद्धा घेत नाही.

"ठीक आहे," अखेर ते म्हणाले. "पण तेरा म्हणजे पंधरा नव्हे."

"चौदावी उद्या आहे. पंधरावी मंगळवारी."

"आणि मंगळवारी नाही आली तर?"

"तर बुधवारी बंद करा. मी तोंड उघडणार नाही."

"ते मात्र मला बघायचंय," साहेब म्हणाले आणि मंगळवार संध्याकाळपर्यंत वाडीला मुदत मिळाली.

शीट माझ्याच हातात होती. दोन नावं लिहायला किती वेळ लागतो, आणि नावं खोटीही नव्हती. बोटं शिवशिवली हे मान्य करते. पण एकदा मी स्वतः नाव घातलं की त्या आकड्यात वाडी उरली नसती, मी उरले असते. मी हात मांडीखाली घेऊन बसले.

रविवारी सुट्टी. आई विहारातून आली तेव्हा मी फोन घेऊन बसले होते. "भेंड्या आल्या का?" तिने विचारलं. "एक आली," मी म्हणाले. चौदावं नाव लागलं होतं. सोमवार कसा गेला ते विचारू नका. मंगळवारी तर ऑफिसातला पंखाही मला हळू फिरतोय असं वाटत होतं. दुपारनंतर टेम्पो परतायला लागले. संध्याकाळी साहेब स्वतः येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मी आकडे ताजे केले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं.

वाडीपुढे सोळा.

मी हसत मागे वळले आणि साहेबांचं तोंड बघून हसू जिरलं. "घरं पंधरा आहेत म्हणालात ना?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "मग सोळावा कोण? मॅडम, आकडा फुगवायचा असला तर नेमका तरी फुगवावा."

पंधरा असते तर ते खरे ठरले असते. सोळा झाले आणि सगळेच खोटे वाटायला लागले. काकींचं नाव होतं, त्यांच्यापुढे बहुतेक सगळं वजन होतं. खाली आणखी एक नवीनच नाव, त्याच्यापुढे दोन कॅरेट. मी दादांना फोन लावला. ते शेडमध्येच कॅरेट उतरवत होते, साहेबांनी त्यांना आत बोलावून घेतलं.

"हे कोण?" साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

दादांनी नाव वाचलं. डोक्याला बांधलेला रुमाल काढला, पुन्हा बांधला. "तो काकींचा हाय," ते म्हणाले.

"मुलगा?"

"नाय."

"नवरा?"

"नवरा जाऊन लय वर्सं झाली, साहेब." दादा माझ्याकडे बघायचं टाळत होते. "बैल हाय तो."

मग दादांनी सगळं सांगून टाकलं. सकाळी काकींनी आपलं नाव घालून घेतलं आणि मग म्हणाल्या, दोन कॅरेट त्याच्या नावानं घाल. शेत त्यानं नांगरलं, दुसऱ्याच्या बैलाबरोबर, दुसऱ्याच्या वेळेला. कंपनी नावं मोजते तर त्याचं पण एक येऊ दे. बाकीच्या बायांनीही हेच लावून धरलं, सगळ्यांना ते अगदी न्यायाचं वाटलं. दादा म्हणाले, "मी बोललो, बैलाचा नाव चालत नाय. तर बोलल्या, का नाय? राबतो का नाय तो? राबतो तर खरा, मी घातला."

मी साहेबांकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. आता वाडी बंद, दादांची खरडपट्टी, माझीही. साहेब खुर्ची ओढून बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोणत्या जातीचा आहे?" त्यांनी विचारलं.

दादांना कळलं नाही.

"बैल हो. डांगी असणार. पांढऱ्यावर काळे ठिपके?"

"हो," मी म्हणाले.

"इकडच्या पावसात तोच टिकतो. आमच्या वडिलांकडे खिलार होते. पण डांगीचे खूर बघावेत, दगडात झिजत नाहीत." त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे बघितलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी आवाज नव्हता, मग आला, आणि असा आला की शेडमधली माणसं दारात जमली. डोळे पुसत ते म्हणाले, "याचं बँकेत खातं कोणतं टाकू?"

हसणं थांबल्यावर ते कामाचं बोलले. बैलाचे दोन कॅरेट काकींच्या नावावर घ्या. मग किती राहतात? पंधरा, मी म्हणाले. "मग टेम्पो चालू." आणि जाता जाता दारातून, जणू आताच आठवलं असं दाखवत, "तो रोजच्या सरासरीचा रकाना काढून टाका. तुमचा हा नवीन ठेवा. माणसं कळतात त्याच्यात." मी होय म्हणाले. त्या संध्याकाळी स्कूटीवर मी शेणव्यापर्यंत मोठ्याने गात आले. रस्त्यावरच्या लोकांनी काय समजायचं ते समजावं, मी अतिशय खूश होते.

काकींचे पैसे आठवड्याच्या आत खात्यात आले आणि आम्ही म्हशाला भेटायचं ठरलं. आईला घोंगडी घ्यायची होती, ती माझ्याबरोबर आली. दादा काकींना घेऊन आले. साहेबही आले होते. म्हणाले, या बाजूला सहज एका शेतकऱ्याकडे काम होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला असं नाही, पण पायांत बैलबाजारात फिरायचे जुने जोडे घालून कोणी कामाला जात नाही.

बाजार लांबच लांब पसरला होता. गोंडे, घुंगरांच्या माळा, नव्या दोरांचा वास, आणि माणसांपेक्षा शांत उभे असलेले बैल. काकींनी घाई केली नाही. एकेका बैलापुढे उभं राहायच्या, त्याची उंची आपल्या खांद्याला लावून बघायच्या, कारण घरच्याची उंची त्यांच्या खांद्यात बसलेली होती. साहेब दात बघत होते आणि मालकांशी अशी हुज्जत घालत होते की बैल त्यांनाच घ्यायचाय. आई एका बाजूला शेंगदाणे खात सगळं बघत होती. ती मला हळूच म्हणाली, "ही तुझ्या कामातली बाई?" मी म्हणाले, हो, ही एक. आईने काकींकडे पुन्हा एकदा नीट बघितलं आणि त्यांनाही शेंगदाणे नेऊन दिले.

दुपार कलायच्या आधी बैल ठरला. ठिपकेदार, थोडा हट्टी, शिंगं डौलदार. काकींनी दोर हातात घेतला आणि त्यांचा तो उंच देह एकदम पोरीसारखा हलका झाला. बाजारातून जनावर बाहेर न्यायचं तर पावती लागते. टेबलापाशी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा लिहिणाऱ्याने मान वर न करता साहेबांना विचारलं, "कोणाच्या नावाने?"

साहेब बाजूला झाले. काकी पुढे आल्या. एका हातात दोर, दुसरा टेबलावर ठेवून त्यांनी आपलं नाव सांगितलं. त्यांचं स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. लिहिणारा लिहीत होता तोवर त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्याने.

"कळलं मावशी," तो म्हणाला. "एकदा सांगितलं की पुरतं."

काकींनी मागे वळून रांगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं तिसऱ्यांदा सांगितलं.